पान लावताना स्टाईल कशा वापरायच्या: डीटीपीवाल्यांसाठी सरळ भाषेत

पुस्तक लावून झालं, पानं भरली १६३, आणि छापखान्यातून फोन येतो, "भाऊ, तीन पानं कमी होतात का पाहा ना, १६० मध्ये बसलं तर बरोबर दहा फर्मे होतात." सोळा पानांचा एक फर्मा, त्यामुळे वरची तीन पानं म्हणजे जास्तीचा कागद, जास्तीची प्लेट आणि मागे कोरी पानं. मागणी रास्तच आहे. आता ज्याने पुस्तक हाताने लावलंय, म्हणजे एकेक परिच्छेद सिलेक्ट करून फॉन्ट दिला, साइज दिली, लीडिंग (एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर) दिली, त्याची ती रात्र गेली समजा. ज्याने स्टाईलने लावलंय तो बॉडीची स्टाईल उघडतो, लीडिंग १६ ची १५.५ करतो, ओके दाबतो.

हा अर्धा पॉइंट किती काम करतो ते पाहा. डेमी साइजचं पुस्तक, पान साडेपाच बाय साडेआठ इंच, त्यात मजकुराची उंची ७ इंच धरली तर ती झाली ५०४ पॉइंट, कारण एका इंचात ७२ पॉइंट. १६ च्या लीडिंगने पानात ३१ ओळी बसतात, १५.५ ने ३२. पानामागे एक ओळ वाढली. सगळी पानं भरलेली धरली तर १६३ पानांच्या ५०५३ ओळी, भागिले ३२, म्हणजे १५८ पानं. दोन पानं हातात उरली, त्यात जाहिरात टाका नाहीतर लेखकाचा परिचय. वाचणाऱ्याला अर्ध्या पॉइंटचा फरक कळतही नाही.

हे आधीच सांगून राहिलो कारण स्टाईल म्हटलं की आपल्या लाइनमधल्या लोकांना वाटतं हे काहीतरी डिझायनर मंडळींचं नखरेल काम आहे, आपल्याला कायले पाहिजे. उलट आहे. आपल्या नागपुरात महाल, बर्डी, धंतोलीकडे डीटीपीचं काम करणाऱ्यांचं कॅलेंडर डोळ्यासमोर आणा: दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, तिथे विकायची पुस्तकं त्याआधी हातात पाहिजेत, ते संपत नाही तं दिवाळी अंक, मग डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन आलं की अहवाल आणि निवेदनं, मधूनमधून शाळांच्या आणि संस्थांच्या स्मरणिका. या प्रत्येक कामात मॅटर शेवटच्या दिवसापर्यंत बदलत असतं. स्टाईलचा खरा फायदा पान लावताना जेवढा दिसतो त्याच्या दहापट ते बदलताना दिसतो, आणि आपला निम्मा वेळ बदलण्यातच जातो.

स्टाईल म्हणजे नेमकं काय

फॉन्ट, साइज, लीडिंग, अलाइनमेंट, इंडेंट, रंग, वरखालची मोकळी जागा, या सगळ्या सेटिंगचा एक गठ्ठा बांधायचा आणि त्याला नाव द्यायचं, ही झाली स्टाईल. मग परिच्छेदाला सेटिंग देत बसायचं नाही, फक्त ते नाव द्यायचं. फाईलमध्ये एवढीच नोंद राहते की हा परिच्छेद 'बॉडी' आहे आणि हा 'उपशीर्षक' आहे, तो कसा दिसणार हे सॉफ्टवेअर त्या नावाकडे जाऊन पाहतं. म्हणून नावातली सेटिंग बदलली की त्या नावाचे सगळे परिच्छेद पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकदम बदलतात.

नवीन काही नाही यात. आल्डस कंपनीने १९८५ साली पेजमेकर हे पान लावायचं सॉफ्टवेअर काढलं, १९९४ मध्ये ॲडोबीने ती कंपनीच घेतली, २००१ मध्ये आलेलं पेजमेकर ७ हे शेवटचं व्हर्जन, आणि त्यातही स्टाईल होत्या, फक्त पेजमेकरवर हात बसलेल्या कितीतरी लोकांनी ती पॅलेट कधी उघडलीच नाही. ॲडोबीचंच इनडिझाईन १९९९ मध्ये आलं. क्वार्कमध्ये आणि फुकट मिळणाऱ्या स्क्रायबसमध्येही कल्पना हीच आहे. मी खाली इनडिझाईनमधली नावं वापरतो, दुसरीकडे मेन्यू थोडा इकडे तिकडे असेल एवढंच.

यात मुख्य प्रकार दोन. पॅराग्राफ स्टाईल लागते एन्टरपासून एन्टरपर्यंत, पूर्ण परिच्छेदाला, कर्सर त्यात कुठेही असला तरी चालतं, सिलेक्ट करायचीही गरज नाही. कॅरेक्टर स्टाईल लागते परिच्छेदाच्या आतल्या चार शब्दांना, एखादं नाव ठळक करायचंय, एखादा आकडा रंगात पाहिजे, अशा ठिकाणी. काही फाईली अशा येतात की पूर्ण बॉडी कॅरेक्टर स्टाईलने रंगवलेली असते, म्हणजे बाप्पा, स्टाईल वापरूनही हाताने लावल्यासारखंच झालं, कारण तिथे इंडेंट, अलाइनमेंट काहीच हातात येत नाही. मोठा भाग पॅराग्राफ स्टाईलने, अपवाद कॅरेक्टर स्टाईलने, एवढं डोक्यात ठेवा.

नाव कामावरून द्या, दिसण्यावरून नको

'मुक्ता १८ बोल्ड लाल' अशा नावाच्या स्टाईल मी जिथे पाहतो तिथे समजतो की पुढे गोंधळ आहे. कारण उद्या संपादक म्हणणार लाल भडक दिसतं, निळं करा, फॉन्टही दुसरा घ्या. मग 'मुक्ता १८ बोल्ड लाल' नावाची स्टाईल निळी आणि बालू फॉन्टमध्ये असते, आणि दुसरा माणूस ती फाईल उघडतो तेव्हा डोकं धरून बसतो. नाव त्या मजकुराचं काम सांगणारं पाहिजे: लेख शीर्षक, लेखक नाव, उपशीर्षक, बॉडी, कविता, चौकट, फोटो ओळ. दिसणं कितीदाही बदलो, कविता कविताच राहते.

यासाठी सॉफ्टवेअर उघडायच्या आधी मॅटरची प्रिंट घ्या आणि पेनाने बाजूला लिहीत जा की हे काय आहे. दिवाळी अंक असला तरी पंधरा-वीस नावांच्या वर फारसं जात नाही. दोन स्टाईलमधला फरक एका वाक्यात सांगता येत नसेल तर त्यातली एक उडवा. मात्र एक जोडी मी नेहमी वेगळी ठेवतो, 'बॉडी पहिला' आणि 'बॉडी', कारण शीर्षकाखालच्या पहिल्या परिच्छेदाला आत सरकवायचं नसतं आणि बाकीच्यांना सरकवायचं असतं, आणि हे स्पेसबार दाबून करणाऱ्यांना काय म्हणावं ते मला अजून सुचलं नाही.

नाव ठरलं की 'नेक्स्ट स्टाईल' ही सेटिंग भरा. लेख शीर्षकाच्या पुढे लेखक नाव, त्याच्या पुढे बॉडी पहिला, त्याच्या पुढे बॉडी. इनडिझाईनमध्येच टाइप करत असाल तर एन्टर दाबला की पुढची स्टाईल आपोआप लागते.

बाप स्टाईल आणि तिची पोरं

ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि बहुतेक लोक नेमकी हीच सोडून देतात. प्रत्येक स्टाईलमध्ये 'बेस्ड ऑन' असा एक रकाना असतो. त्यात दुसऱ्या स्टाईलचं नाव दिलं की ही तिची पोर झाली: बापाच्या सगळ्या सेटिंग पोरीला मिळतात, जेवढं वेगळं पाहिजे तेवढंच पोरीत भरायचं. एकत्र कुटुंबातलं आडनाव असतं तसं समजा, बापाने बदललं की सगळ्यांचं बदलतं, पण ज्याने आपलं वेगळं ठरवून ठेवलंय त्याचं तेवढं तसंच राहतं.

मी एक 'मूळ' नावाची स्टाईल करतो जी मजकुराला कधीच लावत नाही. तिच्यात फक्त सगळ्या अंकाला लागू होणाऱ्या गोष्टी: फॉन्ट, भाषा मराठी, काळा रंग, आणि कंपोझर (तो काय ते खाली सांगतो). 'बॉडी' तिच्यावर आधारलेली, त्यात साइज आणि लीडिंग. 'बॉडी पहिला' बॉडीवर आधारलेली, त्यात फरक एकच, इंडेंट शून्य. 'चौकट' बॉडीवर आधारलेली, साइज एक पॉइंट कमी. शीर्षकांचं वेगळं घर, पण तेही 'मूळ'खालीच. आता फॉन्ट बदलायचा झाला तर एका ठिकाणी बदला, पूर्ण अंक बदलतो. मात्र इनडिझाईनमध्ये आधीपासून जी 'बेसिक पॅराग्राफ' नावाची स्टाईल असते तिला बाप करू नका. ती प्रत्येक फाईलमध्ये असते आणि प्रत्येक फाईलमध्ये वेगळी असू शकते, त्यामुळे मॅटर एका फाईलमधून दुसरीत नेलं की ते तिथल्या 'बेसिक'सारखं दिसायला लागतं.

कंपोझरचं मराठीवाल्यांनी नीट समजून घ्यायला पाहिजे. युनिकोड मॅटर, म्हणजे कोणत्याही कॉम्प्युटरवर वाचता येणारं आजचं मराठी, आणलं आणि इनडिझाईन साध्या कंपोझरवर असेल तर 'विदर्भ' या शब्दाचं काय होतं पाहा: वेलांटी व च्या डावीकडे यायच्या ऐवजी उजवीकडे जाऊन बसते, रफार भ वर चढत नाही, र बिचारा पायमोडक्या अवस्थेत तिथेच उभा राहतो. जोडाक्षरं सगळी तुटलेली. मग लोक म्हणतात इनडिझाईनमध्ये मराठी येत नाही, आणि परत पेजमेकर उघडतात. अक्षरं नीट जुळवण्याचं काम वर्ल्ड-रेडी कंपोझर करतो, आणि तो पॅराग्राफ स्टाईलच्या 'जस्टिफिकेशन' या भागात 'कंपोझर' म्हणून निवडता येतो. 'मूळ' स्टाईलमध्ये एकदा तो लावला की त्याच्याखालच्या सगळ्या स्टाईलना तो मिळाला, शीर्षक असो की फोटो ओळ, परत वेलांटी शोधत फिरायची गरज नाही.

लीडिंगही आकडा टाकून द्या, ऑटोवर सोडू नका. ऑटो म्हणजे साइजच्या १२० टक्के, ११ पॉइंटला १३.२. रोमन अक्षरांना ते चालतं. देवनागरीत वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षराचा पाय, तेव्हा वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. ११ ला १५ किंवा १६ बरं दिसतं. ऑटोचा आणखी एक त्रास आहे, इनडिझाईनमध्ये लीडिंग अक्षरागणिक असतं आणि ओळीतलं सगळ्यात मोठं लीडिंग पूर्ण ओळ पकडते, त्यामुळे एखादा स्वल्पविराम जरी चुकून १४ पॉइंटचा राहिला तरी तेवढीच ओळ खाली सरकते आणि कारण डोळ्याला दिसतच नाही.

कॅरेक्टर स्टाईल रिकामी ठेवायला शिका

कॅरेक्टर स्टाईल करताना सगळे रकाने भरायची सवय लागलेली असते. तिथे उलटं करा. 'ठळक' स्टाईलमध्ये फक्त फॉन्ट स्टाईलच्या जागी बोल्ड लिहा, फॉन्टचं नाव रिकामं, साइज रिकामी, रंग रिकामा. जे रिकामं आहे ते त्या परिच्छेदाकडून घेतलं जातं. म्हणून तीच एक 'ठळक' १८ पॉइंटच्या शीर्षकातही चालते आणि ८ पॉइंटच्या तळटीपेतही. साइज भरून ठेवली असती तर तळटीपेत मधलाच शब्द मोठा झाला असता, मग 'ठळक तळटीप' वेगळी, 'ठळक चौकट' वेगळी, अशी पिलावळ वाढत जाते.

इथे मराठी फॉन्टचा एक पेच आहे. फॉन्टमध्ये ते वजन असलंच पाहिजे. मुक्तामध्ये बारीकपासून जाडपर्यंत सात वजनं आहेत पण इटॅलिक नाही. टिरो देवनागरी मराठी पुस्तकाला सुंदर दिसतो, त्यात इटॅलिक आहे पण बोल्ड नाही. म्हणजे 'मूळ'मध्ये मुक्ताचा टिरो केला की 'ठळक' लावलेले सगळे शब्द गुलाबी पट्ट्यात दिसायला लागतात, इनडिझाईन सांगून राहिलं की असा फॉन्ट नाही. घाबरायचं कारण नाही, 'ठळक' उघडा आणि तिच्यात दुसऱ्या एखाद्या फॉन्टचं बोल्ड द्या नाहीतर नुसता रंग द्या, सगळे शब्द एकदम ठीक होतात. हाताने बोल्ड केलं असतं तर हेच शब्द अख्ख्या पुस्तकात शोधत बसावं लागलं असतं.

पाककृतीचं पान

आता जरा मजेचा भाग. दिवाळी अंकात पाककृतीचं सदर असतंच, आणि आपल्याकडे सांबारवडी (सांबार म्हणजे कोथिंबीर) आणि वडाभात त्यात आलेच. प्रत्येक पाककृतीत तीन परिच्छेद आहेत समजा: नाव, 'साहित्य:' ने सुरू होणारा, 'कृती:' ने सुरू होणारा. साहित्य आणि कृती हे शब्द ठळक पाहिजेत, पुढचं साधं. प्रत्येक ठिकाणी जाऊन बोल्ड करणं म्हणजे वीस पाककृतींचे चाळीस शब्द.

त्यापेक्षा 'पाक मजकूर' ही पॅराग्राफ स्टाईल करा, तिच्यात 'ड्रॉप कॅप्स अँड नेस्टेड स्टाईल्स' या भागात जा आणि सांगा की 'ठळक' ही कॅरेक्टर स्टाईल लाव, पहिल्या विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांपर्यंत, म्हणजे कोलनपर्यंत, कोलन धरून. झालं. आता परिच्छेदाला 'पाक मजकूर' लावली की सुरुवातीचा शब्द आपोआप ठळक होतो.

पण मग एखाद्या पाककृतीत पूर्ण परिच्छेदच ठळक झालेला दिसतो, आणि माणूस चक्रावतो. कारण अस्सल मराठी आहे: टाइप करणाऱ्याने कोलनच्या जागी विसर्ग मारलाय. 'साहित्य:' आणि 'साहित्यः', डोळ्याला दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला ही दोन वेगळी अक्षरं. नेस्टेड स्टाईल कोलन शोधत शोधत परिच्छेदाच्या शेवटपर्यंत गेली, कोलन भेटलाच नाही, म्हणून सगळंच ठळक. आणि सरसकट विसर्गाचा कोलन करायला जाल तर 'स्वतः' आणि 'दुःख' यांची वाट लागेल.

अशा जागी ग्रेप स्टाईल कामाला येते. ही सोय २००८ च्या इनडिझाईन सीएस ४ पासून आहे. तिच्यात शब्दाचा नमुना सांगायचा असतो आणि तो नमुना जुळेल तिथे कॅरेक्टर स्टाईल आपोआप लागते. आपला नमुना असा:

^(साहित्य|कृती)[:ः]

वरची टोपी म्हणजे परिच्छेदाची सुरुवात, कंसातली उभी रेघ म्हणजे हा शब्द किंवा तो शब्द, आणि चौकोनी कंस म्हणजे यातलं कोणतंही एक चिन्ह, कोलन किंवा विसर्ग. आता टाइप करणाऱ्याने काहीही मारलेलं असो. तसंच क्लासवाल्यांच्या प्रश्नसंचात परिच्छेदाच्या सुरुवातीचे देवनागरी आकडे ठळक करायचे असतील तर:

^[०-९]+[.)]

म्हणजे सुरुवातीला एक किंवा जास्त आकडे आणि मग टिंब किंवा कंस. कोणी '१.' लिहिलंय, कोणी '१)' लिहिलंय, दोन्ही पकडलं जातं. फक्त हौस म्हणून एका स्टाईलमध्ये दहा-दहा नमुने टाकू नका, मोठ्या फाईलमध्ये इनडिझाईन जड चालायला लागतं.

आणि तीन परिच्छेदांना तीन स्टाईलही एकेक करून लावायच्या नाहीत. 'पाक नाव'च्या पुढे नेक्स्ट स्टाईल 'पाक साहित्य', तिच्या पुढे 'पाक कृती', आणि 'पाक कृती'च्या पुढे परत 'पाक नाव'. (मगाशी एकच 'पाक मजकूर' म्हटलं होतं, तिच्याच या दोन पोरी.) मग पूर्ण सदर सिलेक्ट करा, 'पाक नाव'वर राइट क्लिक करा आणि 'ही लाव, मग नेक्स्ट स्टाईल' असा जो पर्याय येतो तो घ्या. वीसच्या वीस पाककृती एका क्लिकमध्ये लागतात. मध्येच कोणी काकूंनी 'टीप:' म्हणून चौथा परिच्छेद घातला असेल तर तिथून पुढे सगळं एकेक घर सरकतं, ते आधी पाहून घ्या.

वर्डमधून येणारं मॅटर

मॅटर आजकाल व्हॉट्सॲपवर वर्ड फाईल म्हणून येतं, त्यात लेखकाने एन्टर मारून मारून पान खाली ढकललेलं असतं, सतरा फॉन्ट असतात, आणि त्या पसाऱ्यात चार शब्द असे असतात जे त्याने खरोखर मुद्दाम ठळक केलेले आहेत. आपल्याला पसारा फेकायचाय, ते चार शब्द ठेवायचेत. नुसतं कॉपी-पेस्ट केलं तर इनडिझाईन साधारणपणे कोरा मजकूर घेतं, ठळक शब्दही गेले. म्हणून 'प्लेस'ने घ्या आणि 'शो इम्पोर्ट ऑप्शन्स'वर टिक करा. तिथे वर्डमधली कोणती स्टाईल म्हणजे आपली कोणती ते जोडून देता येतं, वर्डचं 'हेडिंग १' म्हणजे आपलं 'लेख शीर्षक', असं. वर्डमधून घुसलेल्या स्टाईलसमोर पॅनेलमध्ये छोट्या फ्लॉपीचं चिन्ह दिसतं, त्या सगळ्या शेवटी डिलीट करा, डिलीट करताना इनडिझाईन विचारतं की तिच्या जागी कोणती लावू.

यात क्रम महत्त्वाचा. आधी 'फाइंड चेंज'मध्ये जाऊन फॉरमॅट शोधा, जे बोल्ड आहे त्याला 'ठळक' कॅरेक्टर स्टाईल द्या. जास्तीचे एन्टर काढून टाका, त्यासाठी तयार क्वेरी तिथेच मिळते, परिच्छेदांमधलं अंतर स्टाईलच्या 'स्पेस बिफोर, आफ्टर'ने येऊ द्या. मग सगळ्याला बॉडी लावा आणि बाकीचा पसारा साफ करा.

साफ कसा करायचा? स्टाईलच्या नावापुढे अधिकचं चिन्ह दिसलं की समजायचं इथे स्टाईलच्या बाहेरचं काहीतरी हाताने केलंय. ऑल्ट दाबून स्टाईलच्या नावावर क्लिक केलं की हाताने केलेलं जातं, कॅरेक्टर स्टाईल राहतात. ऑल्ट आणि शिफ्ट दोन्ही दाबलं तर कॅरेक्टर स्टाईलही जातात, तेव्हा बोटं सांभाळा. नवीन व्हर्जनमध्ये पॅनेलवर एक बटण आहे ज्याने अशा सगळ्या जागा रंगून दिसतात, प्रूफ काढायच्या आधी एकदा ते दाबून पाहा.

कधी कधी हाताने केलेलंच जास्त चांगलं दिसतं. तेव्हा ते काढू नका, 'रिडिफाईन स्टाईल' करा, म्हणजे या एका परिच्छेदात जे केलं ते स्टाईलमध्ये शिरलं आणि सगळीकडे लागलं.

थोडं इकडचं तिकडचं

अनुक्रमणिका हाताने टाइप करू नका, ती 'लेख शीर्षक' आणि 'लेखक नाव' या स्टाईल वाचून आपोआप बनते, पानं सरकली की अपडेट म्हणायचं. पानाच्या माथ्यावर चालू लेखाचं नावही तसंच येतं. 'कीप ऑप्शन्स'मध्ये उपशीर्षकाला सांगा की पुढच्या दोन ओळींसोबतच राहा, म्हणजे ते पानाच्या तळाशी एकटं पडत नाही. कवितेला 'डावीकडून' ठेवा, जस्टिफाय केलेली कविता बघवत नाही.

स्टाईल पटापट लावायला कीबोर्डच्या उजवीकडच्या नंबर पॅडवर शॉर्टकट ठेवता येतात, लॅपटॉपवर नंबर पॅड नसेल तर कंट्रोल एन्टर दाबा, छोटी खिडकी येते, नावाची दोन-तीन अक्षरं टाइप करा आणि एन्टर. दोघं-तिघं मिळून अंक लावत असाल तर एक जण स्टाईलची फाईल करेल आणि बाकीचे 'लोड' करून घेतील असं ठरवा. नावं सगळ्यांची अक्षराला अक्षर सारखी पाहिजेत, कारण एका फाईलमधलं मॅटर दुसरीत नेलं आणि तिथे त्याच नावाची स्टाईल असली तर तिथलीच लागते. हे आपल्या फायद्याचंच आहे. 'बॉडी' आणि 'बॉडी ' अशा मागे स्पेस असलेल्या नावांनी मात्र भांडणं होतात.

जुन्या फॉन्टच्या फाईली

शेवटी जुन्या फाईलींचं. पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं, म्हणून श्रीलिपी, शिवाजी, कृतीदेव अशा फॉन्टमध्ये मराठी चालायचं, ज्यात फाईलच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा चेहरा देतो. बर्डीतल्या कोणत्याही जुन्या डीटीपीवाल्याकडे अशी कपाटभर कामं निघतील, आणि दर वर्षी त्यातली दोन-चार पुस्तकं पुनर्मुद्रणाला येतात.

अशा फाईलमध्ये फॉन्ट हा नुसता दिसण्याचा भाग नाही, तो गेला तर मजकूरच वाचता येत नाही. लेखात मध्येच इंग्रजी शब्द, इमेल पत्ता, आयएसबीएन असलं काही असेल तर तेवढ्या भागाला कोणीतरी हाताने इंग्रजी फॉन्ट दिलेला असतो. तुम्ही वर सांगितल्याप्रमाणे उत्साहात ऑल्ट क्लिक केलंत की तो इंग्रजी फॉन्ट उडाला आणि इमेल पत्त्याच्या जागी 'खऱ्झट' असं काहीतरी अगम्य उमटलं. म्हणून इथे सगळ्यात आधी 'इंग्रजी' नावाची कॅरेक्टर स्टाईल करा, तिच्यात यावेळी फॉन्टचं नाव भरा, आणि फाइंड चेंजने तो इंग्रजी फॉन्ट जिथे जिथे असेल तिथे ही स्टाईल लावा. बोल्डचंही तसंच, जुन्या फॉन्टमध्ये ठळक अक्षरं बहुतेक वेळा वेगळ्याच नावाच्या फॉन्टमध्ये असतात, त्या नावाने शोधा आणि 'ठळक' लावा. त्यानंतरच साफसफाई.

युनिकोडमध्ये न्यायचं असेल तर स्टाईलमधला फॉन्ट बदलून भागत नाही, मजकूरच कन्व्हर्टरमधून काढावा लागतो. आणि 'इंग्रजी' लावलेला भाग कन्व्हर्टरमध्ये जाऊ द्यायचा नाही, नाहीतर त्याचंही मराठी होऊन बसेल. बदलून आलेलं मॅटर नवीन फाईलमध्ये घ्या जिथे 'मूळ' आणि तिची पोरं आधीच तयार आहेत, जुन्या पीडीएफशी एक फर्मा ओळ न ओळ ताडून पाहा, विशेषतः रफार, र जोडलेली अक्षरं आणि आकडे, आणि तो फर्मा बरोबर निघाला की मगच बाकीचं पुस्तक घ्या.